अकरा मात्रांचे मुंजाजीमास्तर

मुंजाजीमास्तरांना उभं राहून क्लॅरिनेट वाजवता येत नसे. बसून तर नाहीच नाही. बोरीच्या लग्नाच्या बँडमध्ये त्यांनी चाळीसेक वर्षं काढली आणि ती सगळी चालत काढली. मारुतीपासून मांडवापर्यंत, मांडवापासून जानवशापर्यंत, ऊन असो की धूळ. त्यांना जागेवर उभं केलं की श्वास अडायचा, बोटं एकमेकांत अडखळायची आणि परक्या गावात एसटी चुकलेल्या माणसासारखे ते इकडंतिकडं बघायला लागायचे. "पाय चालल्याबिगर हवा फिरत न्हाई बगा सायेब," असं ते म्हणत. हे आम्हाला कळलं तोवर त्यांच्यासमोर महागडा मायक्रोफोन उभा करून आम्ही अख्खी सकाळ वाया घालवली होती.

आम्ही म्हणजे 'सरकी'. परभणीतला, आणि माझ्या माहितीप्रमाणे जिल्ह्यातला एकमेव, प्रोग्रेसिव्ह रॉक बँड. हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात एकेक गाणं दहा-बारा मिनिटं चालतं, मध्येच ताल बदलतो, आणि ऐकणाऱ्याला चुकूनही नाचता येऊ नये याची पुरेपूर काळजी घेतलेली असते. अमोल ड्रम वाजवायचा, मेघना की-बोर्ड वाजवायची आणि गायची, मी गिटार. तिघांनीही चाळिशी डोळ्यासमोर दिसू लागल्यावर पहिला अल्बम करायचं ठरवलं, यावरून आमची अक्कल ओळखावी. पोटासाठी अमोलचं औषधांचं दुकान, मेघनाची बँकेतली नोकरी आणि माझी तंत्रनिकेतनातली मास्तरकी. मेघनाच्या मामांची जिंतूरला जिनिंग आहे. उन्हाळ्यात कापूस संपला की तिथलं गोदाम रिकामं पडतं. तोच आमचा स्टुडिओ. भिंतींना गाद्या लटकवल्या, पत्र्याखाली ताडपत्र्या ताणल्या आणि बँडचं नावही तिथंच पायाखाली सापडलं.

मास्तरांनी ते नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नीट खात्री करून घेतली. "सरकी? म्हशीला घालतेत ती?"

"हो, तीच."

"चांगलं नाव हाय," ते गंभीरपणे म्हणाले. "दूध वाढतं."

ते आम्हाला सापडले ते अमोलच्या आतेभावाच्या लग्नात, बोरीला. वरात निघाली होती. पुढं पाच-सहा जणांचा बँड, अंगात लाल कोट, कोटाला सोनेरी झालर, खाली मात्र ज्याचा त्याचा घरचा पायजमा आणि टायरच्या चपला. सिनेमाची गाणी चालली होती आणि आम्ही शहाण्या माणसांसारखे मागं राहून नाकं मुरडत होतो. एवढ्यात क्लॅरिनेटवाल्या उंच, वाळक्या म्हाताऱ्यानं एक वेगळीच चाल धरली. साधी होती. पण दर वेळी शेवटाला पोचली की ती किंचित थांबायची, अख्खा बँड हवेत पाय धरल्यासारखा थांबायचा आणि मग पुन्हा निघायचा. अमोलनं माझ्या दंडाला धरलं. तो बोटं मोजत होता. एकदा मोजलं, दोनदा मोजलं, मग नवरदेवाच्या गाडीच्या टपावर हात आपटत मोजलं.

"अकरा!" तो ओरडला. "अकरा मात्रा आहेत रे!"

नवरदेवाच्या मामानं आम्हाला गाडीपासून लांब हाकललं. पण आम्हाला कसलं भान. आम्ही तिघं वर्षभर घरात बसून, पेन्सिलीनं आकडे मांडून अकरा मात्रांचं काहीतरी जुळवायला बघत होतो आणि ते दर वेळी गणिताच्या पेपरासारखं लागायचं. इथं टायरच्या चपला घातलेली माणसं त्याच मात्रांत सहज चालत होती आणि पुढं पोरं नाचतसुद्धा होती.

लग्न लागल्यावर आम्ही मास्तरांना गाठलं. बँडवाले मांडवाच्या कडेला, शेवटच्या पंगतीची वाट बघत बसले होते. मास्तरांचा नियम असा की पाहुणे जेवून उठल्याशिवाय बँडवाल्यानं ताटाकडं बघायचं नाही. त्यांच्यातल्या एका पोरानं जिलबी पळवली तर मास्तरांनी ती परत नेऊन ठेवायला लावली होती. मी ओळख करून दिली, अल्बमचं बोललो, जिंतूरला येता का विचारलं. ते क्लॅरिनेटची पत्ती काढून, पुसून, चुन्याच्या रिकाम्या डबीत ठेवत होते. ते काम संपल्याशिवाय त्यांनी मान वर केली नाही.

"लगीन कुणाचं हाय जिंतूरला?"

"लग्न नाही मास्तर. नुसतं वाजवायचं. आम्ही ते भरून घेणार."

"लगीन न्हाई, वरात न्हाई, मंग वाजवायचं कुणापुढं?"

"आमच्यापुढं."

त्यांनी आम्हा तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि त्यांना बहुतेक आमची दया आली. "येतो," ते म्हणाले.

मास्तर बोलायला कमी, पण त्यांच्या काही गोष्टी डोक्यातून जात नाहीत. ते कशावरही आधी फुंकर घालत. बशीतल्या चहावर घालत ते ठीक, पण गार पाण्याच्या तांब्यावरही एक फुंकर घालून मगच तो तोंडाला लावत. वाईट वाजवणाऱ्याला ते वाईट म्हणत नसत. "त्याच्यात आजून दम भरला न्हाई," एवढंच म्हणत. डीजे आल्यापासून बँडच्या सुपाऱ्या निम्म्याच्या खाली आल्या होत्या, पण त्याबद्दलही कुरकुर नाही. एकदा मेघनानं विचारलंच, तुम्हाला राग नाही येत का म्हणून. त्यावर म्हणाले, "राग कामून यील बाई? त्याला दम लागत न्हाई. ज्याला दम लागत न्हाई त्याला थांबायचं कवा ते कळत न्हाई. एवढंच हाय." हे वाक्य मी नंतर दोन ठिकाणी माझं म्हणून वापरलं. तेही इथंच सांगून टाकतो.

तर, रेकॉर्डिंग. पहिल्या दिवशी सकाळभर ते उभे राहून वाजवायचा प्रयत्न करत होते आणि वैतागत होते. वैतागले तरी आमच्यावर नाही, स्वतःवर. कानात हेडफोन घातले होते, त्यात ताल चुकू नये म्हणून टिकटिक सोडलेली. त्यांनी हेडफोन काढून हातात धरला आणि त्याच्याकडं संशयानं बघितलं.

"ही टिकटिक कोन करायलंय?"

"मशीन करतंय मास्तर."

"त्याला सांगा, जरा दमानं. मी काय पळून चाललो न्हाई."

शेवटी मेघना म्हणाली, त्यांना चालू द्या की. आम्ही टिकटिक बंद केली. मास्तर गोदामाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला वाजवत चालू लागले, आणि मायक्रोफोनची काठी धरून मी त्यांच्या शेजारून, त्यांच्या पावलाला पाऊल लावून, मागं मागं न राहता आणि पुढंही न जाता. वळताना वायर पायात यायची. सरकी टोचायची. पण काय वाजवलं त्यांनी! त्या तीन दिवसांत मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या माणसाच्या इतक्या जवळ राहून त्याचं वाजवणं ऐकलं. अल्बममध्ये आज जे ऐकू येतं, अगदी चपलांच्या आवाजासकट, ते त्या चालण्यातलं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गोदामाच्या टोकाला आम्ही दोघंच दम खात बसलो होतो. मी सहज विचारलं, "मास्तर, ही चाल कुठली?"

"माझी हाय की."

"म्हणजे तुम्ही बसवली?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे थोरले भाऊ सखाराम बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचे. पेडगावच्या लग्नावरून येताना टेम्पो कलंडला आणि थोरल्याचा उजवा पाय मोडला. हाड जुळलं, पण पाय आखूड राहिला. आठ-दहा पावलं झाली की ते एका पावलानं मागं पडत आणि ढोल बँडच्या मागं पडे. लोक हसायला लागले. तेव्हाच्या बँडमालकानं सांगितलं, थोरल्याला घरी बसवा.

"घरी बसवलं आसतं तर मेला आसता तो," मास्तर म्हणाले. "ढोलाबिगर त्याला काईच येत न्हवतं. मंग म्या एक चाल बांधली. दहा पावलं चालायचं आन् अकराव्याला समद्यांनी थांबायचं. थोरला तेवढ्यात गाठायचा आमाला. लोकांना वाटलं, नवी इष्टाईल हाय! मालकाला बी वाटलं. लय चालली ती चाल. थोरला मरेस्तोर ढोल वाजवला बगा त्यानं, कुणी हसलं न्हाई."

मी "वा" म्हणालो. काठी उचलली. आम्ही पुढचा टेक घेतला.

संध्याकाळी अमोलनं त्या थांबण्याच्या जागी ड्रमचा एक जोरदार तुकडा भरला होता. मास्तरांनी ऐकलं आणि हात वर केला. "तिथं जागा सोडा की भाऊ. तिथं काई वाजवू नगा." अमोलनं कारण न विचारता सोडली. तो चांगला माणूस आहे. पुढं एका जाणकारानं त्या रिकाम्या मात्रेचं फार कौतुक केलं. त्याला त्यात आमचं धाडस दिसलं.

आता मला जे सांगायचं आहे ते येतंय, आणि मी उगाच लांबण लावतोय हे मलाही कळतंय.

मुंबईचे एक गृहस्थ आमच्यासारख्या बँडांच्या रेकॉर्डी काढतात, जुन्या पद्धतीच्या, काळ्या, मोठ्या. त्यांना आमचा अल्बम आवडला. त्यातही मास्तरांचा तुकडा फारच आवडला. फोनवर त्यांनी मला विचारलं, "ही अकरा मात्रांची चाल म्हणजे तुमच्याकडची जुनी लोकपरंपरा आहे का? किती शतकांची असेल?" त्यांच्या आवाजात इतकी उत्सुकता होती की मला लाज वाटली. खरं सांगायची लाज वाटली. काय सांगू? एका बँडवाल्यानं, जो एरवी सिनेमाची गाणी वाजवतो, भावाच्या लंगड्या पायासाठी बसवली? मला ते लहान वाटलं. मराठवाड्याच्या मातीत शेकडो वर्षं अकरा मात्रा चालत आल्या आणि त्या आम्ही शोधून काढल्या, हे मोठं वाटलं.

"हो, जुनी आहे," मी म्हणालो. "फार जुनी."

रेकॉर्डच्या पाठीवर काय छापायचं ते लिहून पाठवायचं काम माझ्याकडं होतं. त्या तुकड्याखाली मी लिहिलं: पारंपरिक, परभणी जिल्हा. मांडणी: सरकी. वाजवणाऱ्यांच्या यादीत खाली मास्तरांचं नाव होतं, क्लॅरिनेट म्हणून. म्हणजे अगदीच नाव नव्हतं असं नाही, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं.

अमोलनं वाचलं आणि विचारलं, "मास्तरांची आहे ना ती?" त्याला कुठून कळलं होतं कोण जाणे, कदाचित बँडमधल्या दुसऱ्या कुणाकडून.

"बँडवाले असंच म्हणतात रे," मी म्हणालो. "प्रत्येक जण आपलीच म्हणतो."

माझे वडील कारकून, आजोबा शिक्षक, आमच्या घरात दुसऱ्याच्या कागदावर आपली सही केली म्हणून कुणी बोट दाखवलेलं नाही. आणि मी हे इतक्या सहज केलं की त्या दिवशी जेवणही नीट गेलं. पुण्यात एका कार्यक्रमात मी माईक हातात घेऊन आमच्या मातीतल्या तालांवर वीस मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. मेघना खाली मान घालून की-बोर्डची वायर गुंडाळत होती. तिला मास्तरांनी कधी काही सांगितलं होतं का, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही.

रेकॉर्ड छापून आली तेव्हा एक प्रत घेऊन मी बोरीला गेलो. मास्तर दारातच होते. त्यांनी हात धुतले, पुसले, मग रेकॉर्ड घेतली. वासही घेतला. "आमच्या लहानपनी पाटलाच्या घरी होता असला गान्याचा तवा," ते म्हणाले. त्यांच्याकडं ती लावायला काही नव्हतं, पण ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. त्यांनी सुनेला हाक मारली. वैशाली त्यांची सून, बी.ए. झालेली, गावातल्या शाळेत काही दिवस शिकवतही होती. पाठीवरचा सगळा मजकूर इंग्रजीत होता. ती एकेक ओळ वाचून मराठीत सांगू लागली. मास्तर उकिडवे बसून ऐकत होते.

"मामंजी, हे तुमचं नाव. क्लॅरिनेट, मुंजाजी."

"व्हय का!" त्यांनी त्या जागी बोट ठेवलं. "आन् चालीचं काय लिवलंय?"

वैशाली थांबली. "पारंपरिक."

"म्हंजे?"

"म्हंजे लय जुनी. कुणी केली ते म्हाईत न्हाई, अशी."

मास्तरांनी रेकॉर्ड उलटी केली, सुलटी केली. मग माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांचा चेहरा गोंधळलेला होता, ओशाळलेला होता.

"सायेब, मी तुमाला सांगितलं न्हवतं का? थोरल्याचं?"

मला त्या क्षणी सगळं आठवत होतं. कुठं बसलो होतो ते, त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या ते, पेडगावचा टेम्पो, मालक, सगळं.

"नाही मास्तर," मी म्हणालो. "नव्हतं सांगितलं."

"हां," ते म्हणाले. "मंग माझंच चुकलं. मला वाटलं सांगितलं. इसरलो आसंन." आणि माझी समजूत घालत म्हणाले, "तुमी काय वाईट वाटून घीऊ नगा. आता तुमाला तरी कसं कळावं?"

मग त्यांनी मला जेवूनच जा म्हणून बसवलं. मी जेवलो. पिठलं, भाकरी, ठेचा. दोन भाकरी खाल्ल्या. कशा गेल्या ते माझं मलाच ठाऊक.

यानंतर मी चार-पाच महिने बोरीकडं फिरकलो नाही. जिंतूरला जाताना एसटी बोरीच्या थांब्यावर थांबायची तेव्हा मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचो. असंच एकदा परतीला जिंतूरच्या स्टँडवर वैशाली भेटली. तिनंच ओळखलं. मी मास्तर कसे आहेत विचारलं, विचारावं लागतं म्हणून.

"वाजवत न्हाईत आता," ती म्हणाली.

"का? तब्येत?"

"तब्येत चांगली हाय. पर त्यांच्या मनानं घेतलंय, आपल्याला इसरायला व्हायलंय म्हनून. तुमी रेकार्ड घिऊन आलता ना, तवापासून. म्हनतेत, एवढी मोठी गोष्ट सांगायची राहिली, आन् मला वाटतंय सांगितली. आता वरातीत मधीच चाल इसरली तर बँडची इज्जत जाईल. दोन सुपाऱ्या आल्या, न्हाई गेले. जिंतूरला डाक्टरला बी दाखवलं. डाक्टर म्हनले काई न्हाई. पर ते न्हाई ऐकत. खिशात कागद ठिवतेत आता, नातवंडांची नावं लिवून."

दुसऱ्याच दिवशी मी धावत बोरीला गेलो, असं लिहायला मला आवडलं असतं. मी गेलो नाही. मी आधी मुंबईला फोन करून इंटरनेटवरची माहिती बदलून घेतली, चाल मुंजाजीमास्तरांची असं लिहून घेतलं, पुढच्या छपाईत पाठीवरचा मजकूरही बदलायचं कबूल करून घेतलं. त्या गृहस्थांना मी 'माहिती नव्यानं हाती आली' असं सांगितलं. हे सगळं झाल्यावर मला वाटलं, झालं, फेडलं. पण खिशातला तो कागद काही डोक्यातून जाईना. नाव आज ना उद्या कुणीही छापलं असतं. त्यांचं डोकं शाबूत आहे, एवढं त्यांना सांगू शकणारा माणूस जगात एकच होता आणि तो परभणीला घरी बसून मासिक परीक्षेचे पेपर तपासत होता. असे तीन महिने गेले.

शेवटी एका रविवारी सकाळी गेलो. मास्तर ओसरीवर बसले होते. जरा वाळले होते, आधीच कुठं अंगावर मांस होतं म्हणा. मला बघून आनंदानं उठले, आणि मग नाव आठवायला एक क्षण थांबले. नाव त्यांना आठवत होतं. पण आठवतंय ते खरं की नाही, याचा त्यांना भरवसा राहिला नव्हता. ते मला सहन झालं नाही. मी पाणीही घेतलं नाही.

"मास्तर," मी म्हणालो, "तुम्ही मला सांगितलं होतं. जिंतूरला, गोदामात, दुसऱ्या दिवशी दुपारी. पेडगावचा टेम्पो, थोरल्यांचा पाय, दहा पावलं आणि अकराव्याला थांबायचं. सगळं सांगितलं होतं. मला आठवत होतं. मी खोटं बोललो."

ते माझ्याजवळ सरकले.

"पेडगावचं बी सांगितलं हुतं?"

"हो."

"मालक काय म्हनला, ते?"

"घरी बसवा म्हणाला, ते. कुणी हसलं नाही, ते पण."

मी खाली मान घातली. पुढचं काय ते ऐकायची तयारी ठेवूनच आलो होतो. पण ऐकू आली ती हाक, आणि इतकी मोठी की शेजारचं कुत्रं उठून उभं राहिलं.

"वैशाली! ए पोरी! आगं, म्या सांगितलं हुतं! इसरलो न्हवतो मी! ये भाईर!"

वैशाली पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिला सगळं समजायला एक क्षणही लागला नाही. ती सासऱ्याकडं बघून हसली, मग माझ्याकडं बघितलं, आणि आत निघून गेली. त्या दिवशी चहा आला तो दुसऱ्याच कुणी आणून दिला.

मास्तरांना मात्र बसवेना. ओसरीवरच इकडून तिकडं चालू लागले. खिशातला कागद काढला, नातवंडांची नावं न बघता म्हणून दाखवली, सगळी बरोबर, मग कागदाशी ताडून बघितली आणि कागद फाडून टाकला. मी नव्या छपाईचं, नाव बदलल्याचं सांगितलं. त्यावर "बरं बरं" एवढंच म्हणाले. त्यात त्यांचं लक्षच नव्हतं. मी पुन्हा एकदा माफी मागितली तेव्हा त्यांनी हात झटकला. "ते ऱ्हाऊ द्या हो. म्या सांगितलं हुतं ना? मंग झालं तर!"

पाहुण्याला थांब्यापर्यंत सोडायला जायचा त्यांचा शिरस्ता. ते निघाले आणि मी मागोमाग. पहिलं पिठाच्या गिरणीवाल्याचं दुकान लागलं.

"रामराम. आरं, मी इसरलो न्हवतो बरं का! हे सायेब खोटं बोलले हुते."

गिरणीवाल्यानं माझ्याकडं बघितलं.

"इचार त्यान्ला. सांगा की सायेब."

"हो," मी म्हणालो. "मी खोटं बोललो होतो."

पुढं न्हावी, त्याच्याकडं दाढीला बसलेले दोघं. पुढं सोसायटीसमोर उभे असलेले चौघं-पाचजण. मग कुणाची तरी आत्या, डोक्यावर वैरणीचा भारा. मास्तर प्रत्येकाला थांबवत होते आणि प्रत्येकाला तेच सांगत होते, आणि त्यांच्या बोलण्यात कुठंही खोच नव्हती, डिवचणं नव्हतं. पोरगा पास झाल्याचं सांगावं तसं सांगत होते. मी खोटारडा निघालो याचाच त्यांना इतका आनंद झाला होता की मला चिडायलाही जागा नव्हती. दर वेळी ते माझ्याकडं वळून म्हणायचे, "सांगा की सायेब," आणि मी सांगायचो. एका ठिकाणी एका म्हाताऱ्याला कमी ऐकू यायचं. त्याच्यासाठी मला ओरडून सांगावं लागलं. "मी! मी खोटं बोललो! मास्तर विसरले नव्हते!"

थांब्यावर जिंतूर-परभणी गाडी आली. मी चढलो, खिडकीशी बसलो. कंडक्टर मास्तरांच्या ओळखीचा होता. मास्तरांनी त्याला दारातच गाठलं आणि हातवारे करत काहीतरी सांगितलं. गाडी चालू असल्यानं त्याला ते नीट ऐकू गेलं नसावं. तो घंटी मारून माझ्यापाशी आला.

"कोन खोटं बोललं म्हनायले मास्तर?"

"मी," मी म्हणालो. "परभणी एक द्या."

मी मागं वळून बघितलं. मास्तर पुलाच्या कडेनं आलेल्या एका मोटारसायकलवाल्याला हात करून थांबवत होते. तो थांबला, गाडी बंद केली, आणि मास्तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला पहिल्यापासून सांगू लागले.